तीस अंशांचे ऊन

नागपुरात घराचा स्लॅब टाकताना प्रत्येक खोलीच्या मधोमध सळईला एक लोखंडी हूक बांधून ठेवतात. त्यासाठी मिस्त्रीला वेगळे सांगावे लागत नाही, तो आपणहून टाकतो. कारण पंख्याशिवाय खोली असू शकते हा विचारच या गावात कोणाच्या मनात येत नाही. माझे सारे आयुष्य अशा हुकांखाली गेले आणि मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलेही नाही. २०२२ च्या मार्चअखेरीस हिमाचल प्रदेशातील कोटगढ परिसरात एका लाकडी छताच्या खोलीत, दुपारी दोनच्या सुमारास घामाने ओल्या झालेल्या उशीवर पडून वर पाहताना माझे डोळे पहिल्यांदा तो हूक शोधू लागले. तिथे फळ्या होत्या, फळ्यांना मारलेले जुने व्हार्निश होते आणि एक बल्ब लोंबत होता. पंखा लावायला जागाच नव्हती.

माझी मुलगी तिथल्या एका शाळेत शिकवते. सफरचंदाची बाग असलेल्या एका कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या तिने भाड्याने घेतल्या आहेत. तिच्याकडे जायचे बेत दोन वर्षे चालले होते आणि करोनामुळे ते दर वेळी पुढे ढकलले जात होते. शेवटी धुळवड झाली आणि दोनच दिवसांनी मी निघाले. त्या आठवड्यात नागपूरचा पारा चाळिशीला टेकला होता. स्टेशनवर सोडायला आलेला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तू सुटलीस. आता मृग लागेपर्यंत येऊच नको." मलाही तसेच वाटत होते. बॅगेत दोन स्वेटर, आईची जुनी शाल आणि लोकरीचे मोजे होते, आणि एका वेगळ्या पिशवीत आमच्या काटोलकडच्या बागेतली मृग बहाराची दोन डझन संत्री होती. सफरचंदवाल्यांच्या घरी संत्री घेऊन जाण्यात मला फार आनंद होता.

शिमल्याच्या पुढे ठियोग आणि मग नारकंडा लागते. नारकंडा सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे आणि मार्चमध्ये तिथे रस्त्याच्या कडेला बर्फ असतो असे मुलीने सांगून ठेवले होते. बसच्या खिडकीतून मला देवदारांच्या सावलीत मातकट झालेले चार-दोन ढीग दिसले, तेवढेच. बुरांश, म्हणजे डोंगरातले ऱ्होडोडेंड्रॉनचे झाड, मात्र लालभडक फुललेला होता. शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी कौतुकाने ते दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "यंदा फारच लवकर आला." हे वाक्य पुढच्या बारा दिवसांत मी इतक्या जणांच्या तोंडून, इतक्या वेगवेगळ्या गोष्टींविषयी ऐकले की शेवटी त्याची भीती वाटू लागली.

नारकंड्याहून रस्ता खाली उतरतो आणि कोटगढ-ठाणेदारच्या बागा सुरू होतात. फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये भारतात आलेले सॅम्युअल स्टोक्स इथेच स्थायिक झाले (पुढे हिंदू होऊन त्यांनी सत्यानंद हे नाव घेतले), आणि अमेरिकेतून आणवलेली डिलिशियस जातीची रोपे त्यांनी १९१६ मध्ये इथे लावली. आज त्या डोंगरउतारावर घरांपेक्षा सफरचंदाची झाडे कितीतरी जास्त दिसतात. खाली, खूप खाली, सतलजची रेघ दिसते. संध्याकाळी पोहोचले तेव्हा हवा छान होती आणि शाल खांद्यावर घेऊन मी अंगणात बसलेही. ती शाल त्यानंतर पुन्हा उघडली गेली नाही.

घर कसे होते ते थोडे सविस्तर सांगते, कारण पुढचे सारे त्या घरावरच अवलंबून आहे. तळमजला जुना, दगडी, जाड भिंतींचा. तिथे पूर्वी गुरे असत आणि आता लाकडे, खताची पोती व सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या होत्या. वरचा मजला पंधरा-वीस वर्षांपूर्वी नव्याने बांधलेला. छत बुटके, म्हणजे खोली लवकर उबदार व्हावी. वर लाल रंगाचे पत्रे. उत्तरेच्या भिंतीला जवळजवळ खिडकीच नाही, आणि दक्षिणेला या टोकापासून त्या टोकापर्यंत काचाच काचा, की हिवाळ्यातल्या दुबळ्या उन्हाचा एकही कवडसा वाया जाऊ नये. आमच्या नागपुरातले जुने वाडे उन्हाकडे पाठ करून उभे असतात; हे घर उन्हाला सामोरे जाऊन, त्याला आत बोलावून, धरून ठेवण्यासाठी बांधलेले होते. वर्षातले आठ महिने तेच शहाणपणाचे होते. त्या मार्चमध्ये मात्र त्या शहाणपणानेच घराची भट्टी केली.

तिसऱ्या दिवशी मुलीने शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक आणला. व्हरांड्यात, सावलीत, दुपारी तीन वाजता तो तीस अंशांवर गेला. मी मनापासून हसले. अम्माजी, म्हणजे घरमालकांच्या आई, पायरीवर बसून ढाटूच्या, म्हणजे डोक्याला बांधायच्या रुमालाच्या, टोकाने कपाळ पुसत होत्या आणि मी त्यांना सांगितले की आमच्याकडे रात्री तीस अंश असले तर आम्ही म्हणतो आज जरा बरे आहे. त्या काही बोलल्या नाहीत. मग मुलीने तोच तापमापक वरच्या खोलीत नेऊन ठेवला आणि तासाभराने आम्ही पाहिले तर तो छत्तीसवर होता. नागपुरात छत्तीस अंशांत मी पंखा तीनवर ठेवून स्वयंपाक करते. त्या खोलीत मला धड श्वास घेता येईना. हवा हलत नव्हती, पत्रा वरून तापत होता, काचांतून ऊन पलंगावर पडत होते, आणि पडदे म्हणावेत असे पडदे नव्हतेच, कारण उन्हाला अडवण्याची गरज त्या घराला कधी पडली नव्हती.

त्या दिवशीच्या माझ्या हसण्याची मला आजही लाज वाटते. नागपूरच्या माणसाला उन्हाचा एक अभिमान असतो. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले, तो आकडा आम्ही पाहुण्यांना सांगतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, आम्ही सहन करतो, डोक्याला दुपट्टा गुंडाळून भर दुपारी गाडी चालवतो, आणि पुण्या-मुंबईच्या माणसाने अडतीस अंशांत हाश्श हुश्श केले की आमच्या चेहऱ्यावर हसू येते. हा अभिमान निरुपद्रवी आहे असे मला तोपर्यंत वाटत असे.

भारतीय हवामान विभागाची उष्णतेच्या लाटेची व्याख्या मी पूर्वी अनेकदा वाचली होती, पण तिच्यातला एक भाग नजरेखालून तसाच निघून गेला होता. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश झाले, तर उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो. आणि सरासरीपेक्षा ते साडेचार अंश किंवा अधिक वर असेल तर लाट, साडेसहाच्या आसपास वर गेले तर तीव्र लाट. म्हणजे ज्या तिसावर मी हसले होते, तोच आकडा त्या डोंगरासाठी आमच्या चाळिसाच्या जागी होता. ज्यांनी ही व्याख्या लिहिली त्यांना हे कळत होते की ऊन एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणी तसेच मोजता येत नाही; तिथली माणसे, घरे आणि झाडे कशासाठी तयार आहेत यावरून ते मोजावे लागते. मला ते पाचव्या दिवशी कळले.

त्या दिवशी अम्माजी सकाळी दहाच्या सुमारास छाटणीच्या फांद्या गोळा करायला बागेत उतरल्या. वय अठ्ठ्याहत्तर. अंगात रोजचा लोकरीचा सदरा, त्यावर लोकरीची बंडी, डोक्याला ढाटू, कारण मार्चमध्ये हाच त्यांचा पोशाख, दर वर्षीचा, लहानपणापासूनचा. साडेबाराला वर आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. मी वरून हाक मारली तर उत्तर भलतेच आले. खाली जाऊन हात धरला तो गरम आणि कोरडा वाटला. मळमळतेय एवढे त्या म्हणाल्या. सूनबाई धावत आल्या, त्यांनी सासूबाईंना आत नेऊन निजवले, रजई पांघरली आणि आले घातलेला कडक चहा ठेवला. यात त्यांची काहीच चूक नव्हती. त्या प्रदेशात माणसाला घेरी आली, हातपाय गळाले, तर थंडी बाधली असेच पिढ्यान्‌पिढ्या समजत आले आहेत, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते बरोबरच असते.

ऊन लागलेले माणूस मी लहानपणापासून पाहिलेले आहे. त्यामुळे त्या घरात त्या क्षणी मलाच काहीतरी येत होते. रजई काढली, बंडी आणि सदरा काढून सुती कुडता घातला, आणि आम्ही तिघींनी मिळून त्यांना जिन्यावरून हळूहळू तळमजल्यावर, त्या दगडी गोठ्यात नेले. तिथे खरोखर गारवा होता. मानेवर, काखेत, कपाळावर ओली फडकी ठेवली. मुलीने पेटीचे पुठ्ठ्याचे झाकण घेऊन वारा घातला. आणि शुद्ध पूर्ण असल्याची खात्री करून घेऊन लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी चमच्याचमच्याने पाजले. शुद्ध हरपत आहे असे वाटले असते तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा लागला असता, कारण उष्माघातात घरगुती उपायांवर वेळ घालवणे जिवावर बेतते. गाडी दारात काढून ठेवलीही होती. पण तासाभरात अम्माजी उठून बसल्या. डोळे उघडून त्यांनी आधी गोठ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "इथे आमची लाली बांधलेली असायची."

नंतर मी विचार करत राहिले की ज्या हवेत मी नुसती घामाघूम झाले, त्या हवेत त्या आजारी का पडाव्यात. वय हे एक कारण झाले, लोकर हे दुसरे. पण आणखीही एक होते. शरीर उन्हाशी जुळवून घेते, मात्र त्याला साधारण एक ते दोन आठवड्यांचा अवधी लागतो. तेवढ्या काळात रक्तातला द्रवाचा अंश वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते. माझ्या शरीराने ती तयारी नागपुरात फेब्रुवारीच्या अखेरीपासून सुरू केली होती. अम्माजींच्या शरीराला कालपरवापर्यंत थंडीच ठाऊक होती. हंगामाच्या सुरुवातीला अचानक आलेले ऊन म्हणूनच मे महिन्यातल्या त्याच अंशांच्या उन्हापेक्षा अधिक घातक ठरते, आणि ज्या मुलखात मे महिनाही थंड असतो तिथे तर अवधी मिळतच नाही.

मला पुढे राहून राहून आठवत होते ते आमचे घर. होळी झाली की आमच्याकडे माळ्यावरचा कूलर खाली येतो, त्याची टाकी घासली जाते, वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात आणि पहिल्यांदा पाणी सोडले की वाळ्याचा वास घरभर पसरतो. माठ येतो, कैऱ्या उकडल्या जातात, शाळा सकाळच्या होतात, बाजार दुपारी ओस पडतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला आळशी म्हणत नाही. हे सगळे आम्हाला जन्मजात येते असे वाटते, पण ते शिकलेले आहे. शहरेसुद्धा शिकतात, आणि कधी कधी फार मोठी किंमत देऊन शिकतात. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाले, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा बनवला, आणि तोच पुढे नागपूरसह अनेक शहरांनी आपापल्या परीने घेतला. त्या डोंगरावर असा आराखडा कोणी कशासाठी करावा? तिथल्या दुकानात टेबलफॅनही नव्हता. अम्माजींच्या मुलाने खाली सतलजकाठच्या रामपूरहून, जिथे वरच्यापेक्षा गरम असते, दोन पंखे मागवले.

हे सारे माणसांपुरते झाले. माझ्या मनात खोल जाऊन बसले आहे ते त्या बागेतले.

मी संत्र्यांच्या घरातली मुलगी आहे. आमच्या आबांनी उभी हयात आंबिया बहार धरला. डिसेंबरात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, जानेवारीत ताण तोडून पाणी सोडायचे, फेब्रुवारीत पांढरी फुले, मार्चमध्ये वाटाण्याएवढी फळे. आणि मग एप्रिल-मे, म्हणजे गळीचे दिवस. पारा चाळिशीच्या वर गेला की झाड आपली फळे सोडू लागते. आबा रोज पहाटे एका ठरलेल्या झाडाखाली जाऊन बसत आणि रात्रीतून गळलेली फळे ओंजळीत गोळा करत. हिरवी, टणक, नखाने दाबले तर संत्र्याचाच वास येणारी फळे. ओंजळ किती भरली यावरून ते दिवसाचा बोलका किंवा अबोल स्वभाव ठरवत असत असे आम्हा मुलांना वाटे. एकदा मी विचारले होते की पाणी तर भरपूर दिले, मग झाड फळ का सोडते. ते म्हणाले, "झाडाले आपल्या आंधी समजते, बाई. किती पोसता येईल ते थे मोजते."

अम्माजींच्या मुलाशी माझी खरी ओळख झाली ती या ओंजळीच्या गोष्टीवरून. ते मला बागेच्या खालच्या टप्प्यात घेऊन गेले. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात भरपूर थंडी लागते. जुन्या रॉयल डिलिशियसला तर सात अंशांखालचे हजार-बाराशे तास हवे असतात, तेव्हा कुठे ते नीट जागे होते. थंडी यंदा पुरेशी मिळाली होती. झोप पूर्ण झालेले झाड उबेची वाट पाहत होते आणि मार्चमध्ये उबेच्या जागी थेट उन्हाळा आला. एरवी हिरवे टोक, मग गुलाबी कळी, मग पूर्ण फूल हा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. यंदा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गुलाबी कळी सकाळी पाहावी आणि परवा पाकळ्या गळताना पाहाव्यात असे झाले. सारा बहर पंधरा दिवस आधी आला.

लवकर आला तर बिघडले कुठे, असे मी विचारले. त्यांनी एक फूल तोडून माझ्या तळहातावर ठेवले आणि खिशातले भिंग दिले. बाहेरून गुलाबी, आतून पांढऱ्या अशा पाच पाकळ्या, पिवळ्या परागकोशांचा झुबका, आणि त्या झुबक्याच्या मधोमध पाच बारीक हिरवट तंतू. त्या तंतूंची टोके ओलसर, चिकट असली पाहिजेत, म्हणजे मधमाशीच्या अंगावरून आलेला पराग तिथे टिकतो. माझ्या हातातल्या फुलात पाचही टोके तपकिरी होऊन सुकली होती, उदबत्तीच्या विझलेल्या टोकासारखी. फूल बाकी सगळे सुंदर होते. वाऱ्याने हलत होते, वासही मंद येत होता. दुरून पाहणाऱ्याला त्या दिवशी तो डोंगर स्वर्गासारखा दिसला असता, आणि शिमल्याहून आलेले पर्यटक रस्त्यावर गाड्या थांबवून फोटो काढतही होते.

शिवाय रॉयल डिलिशियसला स्वतःचा पराग चालत नाही. त्यासाठी बागेत मधूनमधून गोल्डनसारखी दुसऱ्या जातीची झाडे लावतात, आणि दोन्ही एकाच वेळी फुलली पाहिजेत हे त्यातले सारे गणित. अचानकच्या उष्म्याने ते गणित मोडले. एक जात पुढे निघून गेली, दुसरी मागे राहिली. आणि मधमाश्या? त्यांच्या पेट्या भाड्याने येतात. पंजाब-हरियाणाकडची मोहरी आटोपली की मधपाळ पेट्या घेऊन वर चढतात. या बागेसाठी पेट्या ठरल्या होत्या दहा एप्रिलच्या. बहर मार्च संपता संपता ओसरत होता. त्यांनी दोन-तीनदा फोन लावले, पण पेट्या आधीच कुठेतरी लागलेल्या होत्या. फोन ठेवून ते मला म्हणाले, "बहनजी, चूक कोणाचीच नाही, पण सगळ्यांची तारीख वेगवेगळी झाली आहे." मी त्यावर काय बोलणार? मी आबांची ओंजळ सांगितली. त्यांनी ती गोष्ट दोनदा विचारून घेतली.

त्या मार्चमध्ये काय घडत होते ते नंतर सविस्तर कळले. भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानवरून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाच्या वादळी प्रणाली, हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयाला पाऊस व बर्फ देतात आणि हवा थंड ठेवतात. त्या महिन्यात ते आले पण दुबळे, आणि वर उच्च दाबाची हवा ठाण मांडून बसली. वरून खाली बसणारी हवा दबून तापते, ढग धरत नाही आणि ऊन बिनअडथळा जमिनीवर येते. देशभरात मार्चमध्ये सरासरी ३०.४ मिलिमीटर पाऊस होतो, तो ८.९ मिलिमीटर झाला. वायव्य भारतात तर तूट ८९ टक्के होती. देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश झाले, १९०१ पासूनच्या नोंदींत मार्चमधले सर्वाधिक. डोंगरावर याचा आणखी एक परिणाम होतो: बर्फ लवकर वितळला की खालची काळी जमीन उघडी पडते आणि जे ऊन बर्फाने परतवले असते ते ती जमीन शोषून घेते. त्याच उन्हाने पंजाब-हरियाणात दाणा भरण्याच्या वेळी गहू आकसला आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. हवामानशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्या मार्च-एप्रिलचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे अशा लाटेची शक्यता सुमारे तीसपट वाढली आहे. तीस हा आकडा तेव्हापासून माझ्या डोक्यात दोन्ही अर्थांनी बसून आहे.

आणि हे केवळ आपल्या हिमालयापुरते नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२१ च्या अखेरीस, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, जिथे उन्हाळा म्हणजे स्वेटर काढायचे दिवस, लिटन नावाच्या गावी ४९.६ अंश तापमान नोंदवले गेले. आमच्या नागपूरने आजवर न पाहिलेला हा आकडा विषुववृत्तापासून पन्नास अंश उत्तरेच्या एका गावाने पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव वणव्यात जळाले. त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसे उष्णतेने गेली. मी तो अहवाल वाचला तेव्हा एका ओळीवर थांबले: त्यातली ९८ टक्के माणसे घरातच गेली. बहुतेक वृद्ध होते, निम्म्याहून अधिक एकटे राहणारे. ती ओळ वाचताना मला ते लाल पत्र्याचे छत, दक्षिणेच्या काचा आणि अंगावर रजई पांघरून निजलेल्या अम्माजी दिसल्या. थंडीपासून जपण्यासाठी बांधलेली घरे, त्यांत दारे-खिडक्या लावून बसलेली म्हातारी माणसे.

गुढीपाडवा मी तिथेच केला. कडुनिंब त्या उंचीवर मिळत नाही. मुलीने छाटणीतली एक सरळ फांदी गुढीला दिली आणि बागेत उरलेल्या फुलांची डहाळी बांधली. दुसऱ्या दिवशी निघाले. अम्माजींनी निरोप देताना माझ्या पिशवीत सुकवलेल्या सफरचंदाच्या चकत्या घातल्या आणि आता त्या सुती कुडत्यातच हिंडत होत्या, डोक्यावर ढाटू मात्र होताच.

नागपूरला उतरले तो भाऊ स्टेशनवर हसत उभा होता. "काय ताई, तिसातच घाबरलीस म्हणे?" मुलीने त्याला फोनवर काहीतरी सांगितले असणार. मी त्याला गाडीत बसल्यावर सगळे सांगितले आणि तो गप्प झाला. मग म्हणाला की त्याच्याकडेही यंदा सगळे उलटसुलट झाले. मार्चच्या मध्यालाच पारा चढला तेव्हा कूलर माळ्यावर होता, ताट्या बाजारात आल्या नव्हत्या, आणि शाळा अजून दुपारच्याच होत्या, त्यामुळे त्याची मुलगी दोन दिवस डोकेदुखीने पडून होती. आमची सारी सिद्धता होळीच्या आणि पाडव्याच्या तारखांना बांधलेली आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले. ऊन आधी आले तर आम्हीही तितकेच उघडे पडतो. आता मी माघ संपत आला की कूलर उतरवून घेते, शेजारी काय म्हणतील याचा विचार करत नाही.

त्या वर्षी अम्माजींच्या बागेत खालच्या टप्प्यातल्या झाडांवर फळ अगदी विरळ धरले, वरच्या, अधिक थंड टप्प्यात बरे आले. एका बागेवरून साऱ्या प्रदेशाचे पीक सांगता येत नाही, म्हणून मी एवढेच सांगते. खालच्या टप्प्यात त्यांनी पुढच्या हिवाळ्यात कमी थंडीवर भागणाऱ्या जातीची रोपे लावली. जुनी झाडे मात्र काढली नाहीत. ती अम्माजींच्या सासऱ्यांनी लावलेली आहेत.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुलीचा फोन आला. घराच्या मागच्या बाजूला तीन नव्या खोल्या बांधत होते, स्लॅब दोन दिवसांवर आला होता आणि अम्माजींनी हट्ट धरला होता की "नागपूरसारखे" छताला हूक हवेत. तिथल्या कारागिराने ते कधी टाकले नव्हते. मी आमच्या मिस्त्रींना घरी बोलावून घेतले आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी दहा मिनिटे समजावले: हूक खालच्या सळईला अडकवून तारेने कसा आवळायचा, त्याचे तोंड छताच्या खाली किती ठेवायचे, माल ओतताना तो हलू नये म्हणून काय करायचे. मग त्यांनी विचारले, "खोल्या किती?" तिकडून उत्तर आले, तीन, पण सध्या पंखा एकाच खोलीत लावायचा आहे, अम्माजींच्या.

"तिन्हींत टाका," मिस्त्री म्हणाले. "सळई मोकळी आहे तोवरच होते ते."